गिटार वाजवता न येणाऱ्या रेडिओ मेकॅनिकची गोष्ट: लिओ फेंडर आणि ट्यूब ॲम्पमधला ‘हम’

लॅपटॉप चार्जिंगला लावलाय, त्यातून ऑक्स केबल काढून स्पीकरला जोडलीय, आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच स्पीकरमधून बारीक ‘घूं...’ असा आवाज येतोय. चार्जर काढला की आवाज गायब. हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी अनुभवलं असेल. गणपतीच्या मंडपात माइक सुरू केला की पहिली पाच मिनिटं हाच आवाज घुमत असतो आणि साउंडवाला एकेक वायर हलवून बघत असतो. या आवाजाला ‘हम’ म्हणतात. आज आपण ज्या माणसाबद्दल वाचणार आहोत, त्याच्या धंद्याची सुरुवातच असले आवाज कुठून येतात ते शोधण्यातून झाली. त्याचं पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर. जग त्याला लिओ फेंडर म्हणून ओळखतं.

आधी हा विषय माझ्याकडे कसा आला ते सांगतो. मी मूळचा यवतमाळचा, नोकरीला पुण्यात. इंजिनीअरिंग केलं, पण सोल्डरिंग आयर्न खऱ्या अर्थानं हातात धरलं ते नोकरी लागल्यावर. दोन वर्षांपूर्वी डोक्यात खूळ शिरलं की गिटारचा ट्यूब ॲम्प घरीच बनवायचा. ट्यूब म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या जमान्यातला काचेचा व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत लालसर उजळायचा तो. सगळ्यात सोपं सर्किट निवडलं: फेंडर चॅम्प, १९५० च्या दशकातलं, मॉडेल ५एफ१. तीन ट्यूब, व्हॉल्यूमचं एक बटण, संपलं. ट्रान्सफॉर्मर यवतमाळच्याच एका वाइंडिंगवाल्याकडून भरून घेतला. त्याचा रोजचा धंदा शेतातल्या मोटारी भरायचा, त्यामुळे गिटारसाठी म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं. ॲम्प पुण्यात जुळवला, वाजला, थोडासा हम होता पण चालण्यासारखा. मे महिन्यात सुट्टीला यवतमाळला घेऊन आलो, प्लग लावला आणि असला घुमला की शेजारी विचारायला आले.

तो आवाज शोधायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत रात्री मोबाईलवर फेंडरबद्दल मिळेल ते वाचत होतो. हा लेख त्यातूनच निघालाय.

संत्र्याच्या बागेतला मुलगा

लिओचा जन्म १० ऑगस्ट १९०९ चा. अमेरिकेत कॅलिफोर्नियात, फुलर्टन आणि अनाहाइम या गावांच्या परिसरात त्याच्या आईवडिलांची संत्र्याची बाग होती. (आपल्या विदर्भातल्या वाचकांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला त्रास पडणार नाही.) घर अजून बांधून व्हायचं होतं, कुटुंब कोठारात राहत होतं, आणि लिओचा जन्म त्या कोठारातच झाला. आठ वर्षांचा असताना गाठ झाल्यामुळे त्याचा डावा डोळा काढावा लागला. पुढे आयुष्यभर त्यानं काचेचा डोळा वापरला. त्याच डोळ्यामुळे दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात घेतलं नाही आणि त्याचं दुकान चालू राहिलं. पण ते नंतर.

तेरा-चौदा वर्षांचा असताना त्याच्या मामांनी त्याला एक खोकं पाठवलं. मामांचं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान होतं. खोक्यात रेडिओचे सुटे भाग आणि गाडीची जुनी बॅटरी. पुढच्या वर्षी तो मामांच्या दुकानात गेला, तर तिथं त्यांनी स्वतः जुळवलेला रेडिओ मोठ्यानं वाजत होता. त्या काळी कर्ण्यातून एवढा मोठा आवाज ऐकणं हीच नवलाई. पोरगं तिथंच फसलं. घरी येऊन रेडिओ उघडायला, जोडायला लागलं.

आता गंमत बघा. याच मुलानं पुढे कॉलेजात विषय घेतला तो अकाउंटिंग. इलेक्ट्रॉनिक्सचा एकही कोर्स त्यानं आयुष्यात केला नाही. पियानो, सॅक्सोफोन थोडाफार शिकला, पण गिटार त्याला शेवटपर्यंत वाजवता आली नाही, सूरसुद्धा लावता येत नसे. शिक्षण झाल्यावर बर्फाच्या कंपनीत माल पोचवायचं आणि मग हिशेबाचं काम केलं. मधल्या काळात एका बँडवाल्यानं त्याच्याकडून नाचाच्या कार्यक्रमांसाठी सहा लाउडस्पीकर संच बनवून घेतले. १९३४ मध्ये एस्थरशी लग्न झालं. मग सरकारी हायवे खात्यात अकाउंटंट. ती जागतिक मंदीची वर्षं होती. ती नोकरी गेली. टायरच्या कंपनीत लागला, सहा महिन्यांत तीही गेली.

१९३८ च्या सुमारास त्यानं ६०० डॉलर कर्ज काढलं आणि फुलर्टनमध्ये परत येऊन ‘फेंडर रेडिओ सर्व्हिस’ नावाचं दुकान टाकलं. एस्थर टेलिफोन कंपनीत नोकरी करत होती. पुढची कित्येक वर्षं तिच्या पगारावर घर चाललं आणि बऱ्याचदा धंदाही. फेंडरच्या गोष्टीत हे नाव बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

रेडिओच्या दुकानात कोणती तक्रार येते?

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या नेहमीच्या तक्रारींपैकी एक म्हणजे रेडिओ घुमतो. फेंडर ज्या विद्येवर पुढे मोठा झाला, तिचा पाया इथं आहे, म्हणून थोडं थांबून हे समजून घेऊ.

आपल्या घरातला करंट एका सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो, म्हणजे ५० हर्ट्झ. अमेरिकेत ६०. ट्यूबला आत लागतो एकाच दिशेनं जाणारा करंट, तोही तीनशे-साडेतीनशे व्होल्टचा. म्हणून आधी ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज वाढवतो, मग रेक्टिफायर ट्यूब त्याला एका दिशेला वळवते. पण रेक्टिफायरमधून निघालेला करंट सपाट नसतो, त्यात सेकंदाला १०० उंचवटे असतात (अमेरिकेत १२०). हे उंचवटे सपाट करायचं काम मोठ्या कपॅसिटरचं. छतावरच्या टाकीसारखं समजा: नळाला पाणी थांबून थांबून आलं तरी टाकीतून धार एकसारखी पडते. हे कपॅसिटर जुने होऊन आतून वाळले की टाकी लहान झाल्यासारखं होतं आणि उंचवटे थेट स्पीकरपर्यंत पोचतात.

म्हणजे हम दोन प्रकारचा. १०० हर्ट्झचा असेल तर पहिला संशय कपॅसिटरवर. ५० हर्ट्झचा असेल तर करंट कुठूनतरी चोरवाटेनं आत शिरतोय: ट्यूबच्या हीटरची वायर, अर्थिंग, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा गिटारचा पिकअप. कानाला १०० चा आवाज जरा कडक, भुंग्यासारखा लागतो, ५० चा खोल आणि गोल. जुने मेकॅनिक हे कानानं ओळखत. आपल्याकडे त्यांच्यापेक्षा सोपी सोय आहे. मोबाईलवर कुठलंही फुकटचं स्पेक्ट्रम ॲनलायझर ॲप टाका, फोन स्पीकरसमोर धरा, आणि सगळ्यात उंच सुळका कुठं येतो ते बघा. एवढं लक्षात ठेवा की फोनचा माइक खालच्या आवाजाला जरा बहिरा असतो, त्यामुळे ५० चा सुळका आहे त्यापेक्षा बुटका दिसतो.

माझ्या ॲम्पमध्ये दोन्ही सुळके होते. म्हणजे दोन वेगळे आजार, आणि मी आठवडाभर एकच समजून शोधत होतो.

कॉफमन, लाकडी ॲम्प आणि रात्रीची बैठक

युद्धाच्या काळात लिओच्या दुकानात डॉक कॉफमन नावाचा माणूस येऊ लागला. तो मांडीवर ठेवून वाजवायची हवाईयन स्टील गिटार वाजवायचा आणि स्वतः संशोधकही होता. दोघांनी मिळून ‘के अँड एफ’ या नावानं स्टील गिटार आणि त्यासोबतचे छोटे ॲम्प बनवायला घेतले. रेकॉर्ड आपोआप बदलणारं एक यंत्रही त्यांनी केलं होतं, त्याचे हक्क विकून आलेले ५००० डॉलर धंद्यात घातले. लिओ रात्री बारा-बारापर्यंत टेबलावर. कॉफमनला घरदार होतं, आणि मोठं कर्ज काढून कारखाना टाकायची त्याची तयारी नव्हती. १९४६ मध्ये तो बाजूला झाला. भांडण झालं नाही, मैत्री टिकली.

त्याच वर्षापासून फेंडरच्या स्वतःच्या नावाचे ॲम्प यायला लागले. पहिले लाकडी खोक्याचे, मग तरटासारख्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडात मढवलेले. हेच ते प्रसिद्ध ‘ट्वीड’ ॲम्प. गिटारी नंतर आल्या. १९५० मध्ये भरीव लाकडाची गिटार, जिचं नाव १९५१ मध्ये टेलिकास्टर झालं. (आधी ब्रॉडकास्टर होतं, पण ग्रेच कंपनीचे त्याच उच्चाराचे ड्रम बाजारात होते, म्हणून बदलावं लागलं.) १९५१ मध्येच प्रिसिजन बास, १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर. या गिटारींवर इतकं लिहिलं गेलंय की मी इथं पुढे सरकतो. माझं मत विचाराल तर लिओचं खरं घर ॲम्प होतं.

कारण काय? ॲम्प उघडून बघा. मागची फळी काही स्क्रू काढले की सुटते. आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला: मॉडेल कोणतं, कोणती ट्यूब कुठल्या जागी. चासी बाहेर काढली की एका पट्टीवर सगळे रेझिस्टर आणि कपॅसिटर ओळीनं झोपवलेले, एकावर एक चढवलेलं काही नाही. कुठलाही भाग खराब झाला तर दोन टोकं सोल्डर करून बदलता येतो. फेंडरच्या कारखान्यात सर्किटसोबत मांडणीचं चित्रही काढायचे, त्यात कुठली वायर कुठून कुठं जाते ते जसंच्या तसं दिसतं. ती चित्रं आज सहज मिळतात, आणि माझ्यासारख्यानं चॅम्प बनवला तो त्याच चित्रावरून. रेडिओ दुरुस्त करून करून ज्याच्या पाठीला बाक आलाय, असाच माणूस अशी मांडणी करेल. आता तुमचा फोन आठवा. मागचं कव्हर काढायला हीट गन, आणि बॅटरी डिंकानं चिकटवलेली.

पट्ट्यांवर सोल्डरिंग करणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येनं होत्या, त्यातल्या बऱ्याच मेक्सिकन वंशाच्या. जुना ट्वीड ॲम्प उघडला की चासीत चिकटपट्टीचा एक तुकडा सापडतो, त्यावर जुळवणारीचं पहिलं नाव पेनानं लिहिलेलं असतं. अबिगेल यबारा यांचं नाव तर संग्राहक आजही आदरानं घेतात. १९५६ पासून त्या फेंडरमध्ये पिकअपची वेटोळी गुंडाळत होत्या.

लिओ स्वतः वाजवत नसल्यामुळे एक फायदा झाला: तो वाजवणाऱ्यांचं ऐकायचा. नवा ॲम्प एखाद्या वादकाला फुकट वापरायला द्यायचा आणि काय बिघडतं ते विचारायचा. तो संध्याकाळी क्लबात जायचा आणि कार्यक्रम चालू असताना स्टेजवर चढून ॲम्पच्या मागे डोकं घालायचा, असे किस्से वादकांनी सांगून ठेवलेत. पुढे डिक डेल नावाचा गिटारवाला इतक्या जोरात वाजवायचा की ॲम्प आणि स्पीकर जळायचे. प्रत्येक वेळी लिओ जळालेला माल परत घेऊन काय जळालं ते बघायचा. त्यातून शोमन हा मोठा ॲम्प जन्माला आला.

उलटी वेटोळी

हमच्या बाबतीत लिओची एक युक्ती मला फार आवडते. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती हजारो वेढ्यांची बारीक तार. तार हलली की त्यात करंट तयार होतो. पण हीच वेटोळी ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मर, घरातलं वायरिंग यांचा ५० हर्ट्झही पकडतात, अगदी अँटेनासारखा. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये दोन वेटोळी शेजारी ठेवून यावर तोड काढली. लिओनं १९५७ मध्ये प्रिसिजन बासचा पिकअप मधोमध तोडला. दोन तारांना एक तुकडा, दुसऱ्या दोन तारांना दुसरा. दुसऱ्या तुकड्याची वेटोळी उलटी आणि चुंबकही उलटा. तारांचा आवाज दोनदा उलटा होऊन सुलट निघतो. बाहेरून आलेला हम मात्र एका तुकड्यात सुलटा आणि दुसऱ्यात उलटा, म्हणून एकमेकांना खाऊन टाकतो.

मोठ्या ॲम्पमध्ये दोन पॉवर ट्यूब आळीपाळीनं काम करतात, तिथं पॉवर सप्लायचा १०० हर्ट्झचा हम बराचसा असाच कटतो. चॅम्पमध्ये पॉवर ट्यूब एकच. कोण कोणाला खाणार? म्हणून चॅम्प स्वभावतःच थोडा घुमतो. हे मला आधी कळलं असतं तर निदान चार रात्री वाचल्या असत्या.

माझा पहिला आजार, आणि दुसरा

थोडक्यात सांगतो. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी हम तसाच होता, म्हणजे बिघाड व्हॉल्यूमच्या नंतर कुठंतरी. पहिली ट्यूब काढून पाहिली. १०० चा सुळका होता तिथंच, ५० चा अर्ध्यावर आला.

१०० चा दोष माझाच निघाला. कपॅसिटरची अर्थ वायर मी इनपुट जॅकच्या शेजारी सोल्डर केली होती. त्यामुळे कपॅसिटरमधून वाहणारा उंचवट्यांचा करंट गिटारच्या नाजूक सिग्नलच्या वाटेवरूनच घरी जात होता. ती वायर काढून ट्रान्सफॉर्मरजवळ चासीला जोडली. जागा बदलली फक्त, नवा पार्ट एकही नाही. ५० चा काही भाग हीटरच्या वायरींमुळे होता. ट्यूबला तापवणारा ६.३ व्होल्टचा करंट एसी असतो. त्या दोन वायरी मी सुट्या, सरळ नेल्या होत्या. एकमेकींना घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्यातून नेल्या आणि दोन्ही बाजूंनी १०० ओहमचा एकेक रेझिस्टर अर्थला जोडला. लिओच्या काळच्या छोट्या ॲम्पमध्ये हीटरचं एक टोक सरळ चासीला जोडून द्यायचे. म्हणजे जुनं चित्र डोळे झाकून उतरवलं तर त्यातला हमसुद्धा उतरतो.

हे करताना एक गोष्ट: ॲम्प बंद करून प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट काही काळ बसून असतात. ते जीव घेऊ शकतात. रेझिस्टरनं डिस्चार्ज करून, मल्टिमीटरनं शून्य पाहिल्याशिवाय आत बोट घालू नका. चालू ॲम्पमध्ये वायर हलवून बघायची तर कोरड्या लाकडी काडीनं, आणि एक हात पाठीमागे. पहिल्यांदा चालू करताना सिरीजला पिवळा बल्ब लावा, आपला प्रत्येक इलेक्ट्रिशियन वापरतो तसा. बल्ब भक्क पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

एवढं करूनही यवतमाळच्या घरी ५० हर्ट्झ उरलाच. गिटारच्या तारांना हात लावला की आवाज बदलायचा, आणि चासीला बोटाची पाठ लागली की मुंग्या यायच्या. पुण्यात असं काही नव्हतं. शेवटी मल्टिमीटर भिंतीच्या सॉकेटलाच लावला. फेज आणि न्यूट्रल २२८ व्होल्ट. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळपास तेवढेच दिसायला हवेत, तिथं १४० च्या आसपास, तेही नाचत होते. म्हणजे घराची अर्थिंग नावालाच होती. काळ्या मातीचं तुम्हाला सांगायला नको: पावसाळ्यात चिखल, आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडला होता आणि पट्टी गंजून तुटायला आली होती. इलेक्ट्रिशियननं मीठ-कोळसा घालून खड्डा नव्यानं भरला, नवी पट्टी जोडली. आता आई उन्हाळ्यात तुळशीबरोबर त्या खड्ड्यालाही बादलीभर पाणी घालते. हम गेला. पण खरं सांगायचं तर हमपेक्षा भीती दुसऱ्या गोष्टीची वाटली. त्याच सॉकेटवर घरचा गिझर आणि वॉशिंग मशीन चालत होतं.

इथं लिओच्या काळाची एक काळी बाजू येते. तेव्हा अमेरिकेत घरांमध्ये दोन पिनांचेच प्लग असत, ॲम्पलाही तेच. हम कमी करायला त्या काळच्या बऱ्याच ॲम्पमध्ये मेनच्या वायरीपासून चासीपर्यंत एक कपॅसिटर जोडलेला असे. तो कपॅसिटर शॉर्ट झाला तर चासी, गिटार आणि वाजवणारा तिघंही थेट मेनला. दुरुस्तीवाले आज त्याला मृत्यूचा कपॅसिटर म्हणतात. जुना ॲम्प हाती आला की आधी तो कापून टाकतात आणि तीन पिनांचा प्लग लावतात. ही दंतकथा नाही. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमध्ये स्वान्सी इथं स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी स्टेजवर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच करंट लागून गेला. आपल्याकडे हम घालवायला प्लगची जाडी पिन तोडायचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. हम जातो बऱ्याचदा. पिन तोडू नका.

तेरा दशलक्ष डॉलर

१९५० च्या दशकाच्या शेवटी फेंडरचा बासमन हा ४५ वॅटच्या आसपासचा, चार स्पीकरांचा ॲम्प आला. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या पोरांनी तोच समोर ठेवून १९६२-६३ मध्ये पहिला मार्शल ॲम्प बनवला. रॉक संगीताचा पुढचा निम्मा आवाज त्यातून निघाला. आतला कागद सगळ्यांना वाचता येईल असा ठेवल्याचा हाही परिणाम.

त्याच वर्षांत लिओ आजारी पडला. सायनसचं जंतूंचं दुखणं, औषधांना दाद देत नव्हतं, वर्षानुवर्षं चाललेलं. त्याला वाटलं आपण आता फार दिवस नाही. त्यानं विक्रीचं काम बघणाऱ्या डॉन रँडल यांना सगळी कंपनी दीड दशलक्ष डॉलरला देऊ केली. रँडल यांनी त्याऐवजी मोठं गिऱ्हाईक शोधलं. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या टीव्ही-रेडिओच्या बलाढ्य कंपनीनं फेंडर विकत घेतली, १३ दशलक्ष डॉलरला. सोबत नावही गेलं. काही वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरनं अँटिबायोटिकचा जबर डोस दिला आणि दुखणं बरं झालं. माणूस ठणठणीत, आणि स्वतःच्या आडनावाचं दुकान दुसऱ्याचं.

सीबीएसच्या काळात उत्पादन वाढलं आणि चासीतलं वायरिंग ढिसाळ होत गेलं. वायरी लांब, वाटेल तशा टाकलेल्या. ट्यूब ॲम्पमध्ये वायर कुठून जाते हाही सर्किटचाच भाग असतो. जागा चुकली की ॲम्प घुमतो, नाहीतर शिट्टी मारतो. ती शिट्टी दाबायला त्यांनी जागोजागी छोटे कपॅसिटर घातले. वायर नीट करायच्या ऐवजी पॅच मारला! आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे फारच ओळखीचं. अर्थात सीबीएसला लोक जरा जास्तच शिव्या घालतात. त्या काळचे कित्येक ॲम्प वायरी नीट लावल्यावर झकास वाजतात, आणि जुन्यांपेक्षा स्वस्तही मिळतात.

करारामुळे लिओला काही वर्षं स्पर्धेत उतरता येत नव्हतं. सल्लागार म्हणून तो १९७० पर्यंत होता, पण त्याचं फारसं ऐकलं जात नव्हतं. बंधन सुटल्यावर त्यानं जुन्या सहकाऱ्यांबरोबर म्युझिक मॅन कंपनीत काम सुरू केलं. १९७६ चा स्टिंगरे बास तिथला. तिथले ॲम्प पुढच्या टप्प्यात ट्रान्झिस्टर आणि शेवटी ट्यूब असे मिश्र होते. म्हणजे जुन्याला कवटाळून बसणारा हा माणूस नव्हता. तिथं भागीदारांशी बिनसलं. १९७९ मध्ये एस्थर कॅन्सरनं गेली. त्याच सुमारास जॉर्ज फुलर्टन या जुन्या मित्राबरोबर त्यानं जी अँड एल ही कंपनी काढली. कारखाना फुलर्टन गावातल्या फेंडर अव्हेन्यू या रस्त्यावर. पाटीवर स्वतःचं नाव लावता येत नव्हतं, पत्त्यात मात्र होतं. १९८० मध्ये फिलिसशी दुसरं लग्न झालं.

१९८५ मध्ये सीबीएसनं फेंडर कंपनी तिथल्याच अधिकाऱ्यांच्या गटाला विकली, साडेबारा दशलक्ष डॉलरला. वीस वर्षांपूर्वी घेतली त्यापेक्षा कमी किमतीत.

शेवटच्या वर्षांत लिओला पार्किन्सन झाला होता. हात थरथरायचे, बोलणं कमी झालं होतं, पण कारखान्यात येणं थांबलं नाही. २१ मार्च १९९१ रोजी तो गेला, वय ८१. आदल्या दिवशीही तो जी अँड एलमधल्या आपल्या टेबलाशी कामाला बसला होता. ती खोली पुढे अनेक वर्षं त्याच्या हत्यारांसकट तशीच ठेवली होती.

माझ्या चॅम्पमध्ये १०० हर्ट्झचा छोटा सुळका अजून आहे. व्हॉल्यूम कमी असला की रात्री ऐकू येतो. पहिला कपॅसिटर मोठा केला तर जाईल, पण फार मोठा केला तर रेक्टिफायर ट्यूबवर ताण येतो, म्हणून तसाच ठेवलाय. मागच्या फळीच्या आत मी एक कागद चिकटवलाय: कोणती ट्यूब कुठं, अर्थची वायर कुठं जोडलीय, आणि यवतमाळच्या सॉकेटचं मल्टिमीटर रीडिंग, तारखेसह.